अंडरकट केला, आता निगा कशी राखायची आणि केस परत कसे वाढवायचे?

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधल्या तरुण मुली आणि काही बायकाही वरचे केस लांब ठेवून खालचे केस मशीनने बारीक करून घेऊ लागल्या आहेत. यालाच अंडरकट म्हणतात. कुणी फक्त मानेवरचा पट्टा काढते, कुणी एका कानाच्या वरची बाजू, कुणी दोन्ही कानांपासून मानेपर्यंत सगळा घेर. केस मोकळे सोडले की तो दिसत नाही. वर बांधले की दिसतो.

यामागे फॅशन आहेच, पण सोयही आहे. ज्यांचे केस फार दाट आहेत त्यांची मान उन्हाळ्यात घामाने ओली राहते, घामोळे येते, खाज सुटते. पत्र्याच्या घरात दुपारी डोक्यावर केसांचे ओझे नको वाटते. नळाला तासभर पाणी येते, त्यात धुणे, भांडी, आंघोळी उरकायच्या असतात. अशा घरात केस धुवायला अर्धी बादली पाणी कमी लागणे ही छोटी गोष्ट नाही. पावसाळ्यात मुळाशी केस लवकर वाळतात, हाही फायदाच.

घरातली वडीलधारी माणसे मात्र रागावतात. ‘बाईच्या जातीने केस कापायचे नसतात’ असे अजून ऐकू येते. याच महाराष्ट्रात एके काळी विधवा बाईचे केस तिच्या मनाविरुद्ध उतरवले जात होते. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. तेव्हाचा प्रश्न आणि आजचा प्रश्न वेगळा आहे, पण मुद्दा एकच आहे. केस जिचे आहेत, त्यांचे काय करायचे ते तिने ठरवायचे.

हे पान आरोग्याचे आहे. म्हणून इथे चांगले-वाईट दिसण्याचा न्याय न करता तीन गोष्टी पाहू. अंडरकट राखताना डोक्याच्या कातडीला इजा किंवा संसर्ग कसा होऊ द्यायचा नाही, केस परत वाढवायचे तर किती दिवस लागतात, आणि केस वाढत नसतील तर त्यामागे कोणता आजार असू शकतो.

केस मेलेला, मूळ जिवंत

आपल्याला दिसतो तो केस मेलेला असतो. म्हणूनच तो कापताना दुखत नाही. जिवंत भाग म्हणजे केसाचे मूळ. ते कातडीच्या आत काही मिलिमीटर खोल असते आणि रक्तातून त्याला पोषण मिळते. वर केस कापला की बोटभर ठेवला, याचा मुळाला पत्ताही लागत नाही.

यावरून दोन गैरसमज दूर होतात. पहिला, ‘मशीन फिरवले की केस पुन्हा येत नाहीत.’ येतात. दुसरा, ‘वस्तरा फिरवला की केस दाट आणि जाड येतात.’ हेही खरे नाही. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून वाढताना तो हाताला खरखरीत लागतो आणि जाड वाटतो. केसांची संख्या तितकीच राहते. लहान बाळाचे जावळ काढल्यावर केस दाट आले असे वाटते, त्यात वाढत्या वयाचा भाग मोठा असतो.

प्रत्येक केसाचा एक काळ असतो. साधारण दोन ते सहा वर्षे तो वाढतो, मग तीनेक महिने थांबतो, गळतो आणि त्याच जागी नवा येतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यातले रोज ५० ते १०० गळणे हे साहजिक आहे. कंगव्यात केस दिसले म्हणून लगेच घाबरू नये.

सलूनच्या खुर्चीत बसण्याआधी

अंडरकट करताना मशीन थेट कातडीवर फिरते आणि कड नीट करायला बऱ्याच वेळा वस्तरा लावतात. काळजी घ्यायची ती इथे.

वस्तऱ्याने कातडीला बारीक चीर पडते. ती डोळ्यांना दिसेलच असे नाही. एकाचे रक्त लागलेले ब्लेड दुसऱ्याला वापरले तर कावीळ ब, कावीळ क यांसारखे रक्तातून पसरणारे आजार होऊ शकतात. कावीळ ब चा विषाणू फार चिवट आहे. वाळलेल्या रक्तातही तो निदान सात दिवस टिकू शकतो. वस्तरा पाण्यात बुडवून फडक्याला पुसला म्हणजे तो स्वच्छ झाला असे होत नाही.

म्हणून पाकिटातले नवे ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत लावायला सांगा. जुने ब्लेड मोडून टाकलेले दिसले पाहिजे. सांगायला संकोच वाटत असेल तर घरून स्वतःचे ब्लेड न्या. ते काही फार महाग नसते. हे सांगणे म्हणजे कारागिराचा अपमान नव्हे. दिवसभर वस्तरा हातात धरणाऱ्या त्या माणसालाही हाच धोका असतो. कावीळ ब ची लस आहे. बाळांना ती जन्मतः आणि नंतर ६, १० व १४ आठवड्यांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मोठ्या माणसांना तीन डोस घ्यावे लागतात: पहिला, एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा.

दुसरा धोका नायट्याचा, म्हणजे गजकर्णाचा. ही बुरशी मशीनच्या दात्यांवर, कंगव्यावर, गळ्याभोवती बांधायच्या कापडावर राहते आणि पुढच्या माणसाला लागते. मशीनचे दाते आधी ब्रशने झाडून मग स्पिरिटने पुसलेले असावेत. कापड धुतलेले असावे, नसेल तर घरून टॉवेल न्यावा. तुमच्या मानेवर आधीच पुरळ, जखम किंवा नायटा असेल तर तो बरा होईपर्यंत मशीन लावू नये. नाहीतर तो पसरतो आणि तुमच्यामुळे दुसऱ्यालाही होतो.

राखायचा असेल तर

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणून अंडरकटची कड तीन-चार आठवड्यांत विस्कटते. दर महिन्याला एकदा मशीन लावणे पुरते. दर आठवड्याला वस्तऱ्याने गुळगुळीत करण्याची गरज नाही. त्याने कातडीला त्रास मात्र होतो.

मशीनला पुढे प्लॅस्टिकचे कंगवे लावतात, त्यांना नंबर असतात. एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर केस राहतात, दोन नंबर म्हणजे ६, तीन नंबर म्हणजे १० आणि चार नंबर म्हणजे १३ मिलिमीटर. पहिल्यांदा करणारीने तीन किंवा चार नंबर सांगावा. आवडला तर पुढच्या वेळी आणखी बारीक करता येतो. एकदा बारीक केलेला मात्र लगेच लांब होत नाही.

ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी तर वस्तरा टाळावाच. अगदी मुळाशी कापलेला कुरळा केस वाढताना वळून कातडीतच घुसतो. मग तिथे लाल, दुखऱ्या पुटकुळ्या येतात. त्या नखाने फोडल्या की पू होतो. काही जणांना मानेवर अशा पुटकुळ्या वारंवार येऊन कडक गाठी तयार होतात आणि त्या जागी केस येणे थांबते. पुटकुळ्या दिसल्या की चार-सहा आठवडे मशीन आणि वस्तरा बंद ठेवावा. दिवसातून दोनदा कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने शेकावे आणि घट्ट कॉलरचे कपडे टाळावेत. पू वाढला, ताप आला किंवा गाठी कडक होऊ लागल्या तर डॉक्टरांना दाखवावे.

रोजची निगा सोपी आहे. कामावरून आल्यावर मानेवरचा घाम साध्या पाण्याने धुवावा आणि जागा कोरडी करावी. केस कापल्यानंतर पहिले काही दिवस तिथली कातडी उन्हाने लवकर भाजते, म्हणून बाहेर पडताना सुती ओढणी किंवा स्कार्फ घ्यावा. स्कूटरवर बसताना दुसऱ्याचे हेल्मेट घालावे लागत असेल तर आत स्वतःचा सुती रुमाल बांधावा आणि तो रोज धुवावा.

कोंडा असेल तर केस बारीक केल्याने तो जात नाही, फक्त जास्त दिसतो. कोंड्यावर तेल थापणे हा आपल्याकडचा जुना उपाय, पण कोंड्याला कारण असणारी बुरशी तेलावरच वाढते. कीटोकोनॅझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा लावून, पाच मिनिटे ठेवून धुवावा. तीन-चार आठवड्यांत फरक पडतो.

उवांचेही तसेच. मानेवरचे आणि कानामागचे केस काढले तरी वरच्या केसांत उवा आणि लिखा राहतातच. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. त्याने भागले नाही तर एक टक्का परमेथ्रिनचे औषध दहा मिनिटे लावून धुवावे आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावे. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासावीत. डोक्याला रॉकेल कधीही लावू नये. कातडी भाजते आणि चुलीजवळ जीव जाऊ शकतो.

घरी मशीन असेल तर

बहिणी-बहिणी किंवा मैत्रिणी मिळून एक मशीन घेतात. खर्च वाचतो, पण नियम पाळावे लागतात. प्रत्येकीनंतर दाते ब्रशने झाडायचे, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटने पुसायचे, वाळू द्यायचे आणि मग एक थेंब तेल सोडायचे. स्पिरिट लगेच पेट घेते, म्हणून हे काम गॅसपासून, दिव्यापासून लांब करायचे. घरातल्या कुणालाही नायटा असेल तर त्या व्यक्तीसाठी हे मशीन वापरायचे नाही.

कापण्याआधी वरचे केस घट्ट बांधून घ्यावेत. मशीन खालून वर, हलक्या हाताने चालवावे. मागची बाजू आरशात पाहून स्वतः करू नये, दुसरीकडून करून घ्यावी.

वाढवायचा असेल तर: महिन्यांचा हिशोब

केस वाढवताना धीर सुटतो तो हिशोब माहीत नसल्यामुळे. एक नंबरने कापलेला अंडरकट धरून चालू.

एका महिन्याने केस दीड सेंटिमीटरच्या आसपास होतात. टोचतात, खाजवतात. ही खाज बोथट टोकांची असते. अंघोळीनंतर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळले की कमी होते.

तीन महिन्यांनी दीड इंच होतात. हा सगळ्यात अवघड काळ. केस सरळ उभे राहतात आणि वरचे केस बांधले की खालून झाडूसारखे बाहेर येतात. बहुतेक जणी इथेच कंटाळून पुन्हा मशीन लावतात. या काळात वरचे केस मोकळे किंवा अर्धे बांधलेले ठेवावेत. रुंद कापडी हेअरबँड लावावा किंवा ओल्या हाताने केस बसवून बारीक पिना लावाव्यात.

सहा महिन्यांनी केस तीन इंचांपर्यंत येतात. आता ते पिनांत, छोट्या क्लिपांत मावतात. बाजूचा अंडरकट असेल तर भांग दुसऱ्या बाजूला पाडून वरचे केस त्यावर घेता येतात.

वर्षभराने सहा इंचांपर्यंत होतात. मानेवरचे केस आता खांद्याजवळ पोचतात आणि वेणीत येऊ लागतात. कानावरच्या केसांना मात्र खांद्यापर्यंत यायला दोन वर्षांच्या आसपास लागतात, कारण ते वरून निघतात आणि त्यांना अंतर जास्त कापायचे असते.

थांबायचे नसेल तर एक मार्ग आहे. खालचे वाढत असताना वरचे केस हनुवटीपर्यंत किंवा खांद्यापर्यंत कमी करायचे. दोघांमधले अंतर घटते आणि सहा-आठ महिन्यांत केस एकसारखे दिसू लागतात. ज्यांना वरची लांबी सोडवत नाही त्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी फक्त फाटलेली टोके कापावीत आणि खालच्या केसांना हात लावू नये.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. आखूड केस लपवण्यासाठी ते ओढून घट्ट अंबाड्यात किंवा वेणीत कोंबू नयेत. रोज ओढ बसली की मुळे दुखावतात आणि कानशिलावरचे, मानेवरचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. बांधून सोडल्यावर डोके दुखत असेल तर बांधणे घट्ट होते असे समजावे. केस ओले असताना तर बांधूच नयेत.

टाक्यांसाठी केस काढावे लागले किंवा कर्करोगाच्या औषधांनी केस गेले, त्यानंतरही वाढीचा वेग साधारण हाच असतो. फक्त औषधे संपल्यावर सुरुवात व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

तेल, कांदा आणि महागड्या गोळ्या

खोबरेल तेलाने केस कमी तुटतात, मऊ राहतात. पण त्याने वाढीचा वेग वाढत नाही. ‘महिन्यात चार इंच’ अशी जाहिरात करणारे तेल कोणत्याही झाडापाल्याचे असो, ती फसवणूक आहे. कांद्याचा रस, लसूण, लिंबू नुकत्याच कापलेल्या कातडीवर लावले तर आग होते, पुरळ येते. बायोटिनच्या गोळ्यांचेही तसेच. शरीरात बायोटिनची कमतरता फार क्वचित असते, म्हणून बहुतेकींना त्यांचा उपयोग होत नाही. उलट थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे त्यामुळे चुकू शकतात.

केस काळे करायचे असतील तर रंग किंवा ‘काळी मेंदी’ कातडीला सोसते का ते आधी पाहावे. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली, सूज आली तर ती वापरू नये.

केस येत नसतील तर दोष कटिंगचा नाही

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. मुलीचे केस विरळ झाले की घरात पहिले वाक्य येते, ‘आणखी काप केस!’ बोलणी नकोत म्हणून मुलगी ओढणी घट्ट करते आणि दुखणे लपवते. पण कापल्याने केस गळत नाहीत हे आपण वर पाहिले. मग केस गळत असतील किंवा भरत नसतील तर कारण दुसरे असते, आणि ते शोधायलाच हवे.

पहिले कारण रक्त कमी असणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे असे धरतात. दम लागणे, थकवा, चक्कर, पाळीत जास्त रक्तस्राव आणि त्यासोबत केसगळती असेल तर तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती होते आणि लोहाच्या गोळ्याही मोफत मिळतात. किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी शाळेत किंवा अंगणवाडीत देतात, ती घरी आणून फडताळात ठेवू नये. जेवणात डाळ, चवळी, शेंगदाणे, अंडी, सुकट, मटण, हिरव्या भाज्या असाव्यात. वर लिंबू पिळावे. जेवणासोबत आणि लगेच नंतर चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही.

दुसरे कारण आजारपण किंवा बाळंतपण. टायफॉइड, डेंग्यू, मोठे ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जातात. बाळंतपणानंतरही दोन ते चार महिन्यांनी असेच होते. मुळे शाबूत असतात, म्हणून बहुतेकींचे केस सहा महिने ते वर्षभरात परत येतात. तिसरे कारण थायरॉइड. वजन, पाळी, थकवा, थंडी-गरमी यांत बदल असेल तर रक्त तपासावे.

चौथे, चाई. नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडतो, खाज नसते, खपली नसते. ही ना कीड आहे, ना कुणाची नजर. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मुळांवर उलटते, म्हणून हे होते. ती एकापासून दुसऱ्याला लागत नाही आणि तिच्यावर उपचार आहेत.

पाचवे, डोक्यातला नायटा. गोल चट्टा, खपल्या, खाज, मुळाशी तुटलेल्या केसांचे काळे ठिपके आणि कधी कानामागे गाठ. हा लहान मुलांत जास्त दिसतो आणि तो लागतो. नुसत्या मलमाने बरा होत नाही, डॉक्टर काही आठवडे पोटातून गोळ्या देतात. मेडिकलमधून विचारून आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावू नयेत. दोन दिवस खाज थांबते, पण आतून नायटा पसरतो आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही.

दवाखान्यात कधी जायचे

गोल चट्टा दिसला, पू किंवा ताप आला, मानेवर कडक गाठी होऊ लागल्या, तीन महिन्यांहून जास्त केस मुठीने गळत राहिले, किंवा कापून सहा महिने झाले तरी एखादी जागा भरली नाही, तर थांबू नये. जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवावे. तिथून मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात चिठ्ठी मिळते. जाताना केस कधी कापले, आधी कोणता आजार झाला, कोणते मलम किंवा गोळी घेतली हे लिहून न्यावे. वापरलेल्या मलमाची नळीही सोबत ठेवावी.

आणि घरातल्या आई, आजी, मावशी, काकूंना एक विनंती. पोरीने केस कापले म्हणून चार दिवस रुसलात तरी चालेल. पण महिन्यातून एकदा तिला जवळ बसवा, कंगवा घ्या आणि उजेडात तिच्या मानेमागची, कानामागची कातडी नीट पाहा. ती जागा तिला स्वतःला दिसत नाही. पुटकुळी, चट्टा किंवा खपली सगळ्यात आधी तुमच्याच नजरेला पडेल.